थोरलीच्या घरावर नऊ दगड

जग बुडवायला किती दिवस लागतात, असं कुणी विचारलं तर धाकटी पटकन सांगायची, साडेतीन महिने. त्यात रंग वाळायचे दहा दिवस धरलेले. आणि बुडायला? बुडायला सव्वाचार सेकंद. पडद्यावर तेच ताणून अर्धं मिनिट करतात, म्हणून बघणाऱ्याला वाटतं, बापरे, केवढं मोठं काही झालं.

धाकटी हे नाव नव्हे, नातं. वय त्रेपन्न, गुडघे कुरकुरणारे, केसांतला पांढरा रंग प्लास्टरच्या धुळीचा किती आणि वयाचा किती हे सांगता येऊ नये अशी अवस्था. तरी घराण्यात ती धाकटीच. डोक्यावर एक थोरली असली की माणूस शंभरीला टेकला तरी धाकटाच राहतो, त्याला इलाज नाही.

कामावर मात्र तिला सगळे ‘बाई’ म्हणायचे. काम म्हणजे सिनेमासाठी शहरं बनवायची. लहान शहरं. घर गुडघ्याएवढं, झाड हातभर, मोटार चपलेएवढी. एका जुन्या गोदामात लांबच लांब टेबलं मांडलेली, टेबलांवर रस्ते, रस्त्यांवर दिव्यांचे खांब, खिडक्यांना हाताने शिवलेले पडदे. तीन-साडेतीन महिने डोळे फोडून हे सगळं उभं करायचं आणि एके दिवशी सकाळी साडेदहाला चार कॅमेऱ्यांसमोर त्याचा पार भुगा करायचा. टेक एकच. चुकला तर पुन्हा साडेतीन महिने. त्यामुळे त्या सकाळी गोदामात कुणी शिंकायचंसुद्धा नाही.

दिग्दर्शकाला लोक पाठीमागे ‘प्रलयसाहेब’ म्हणायचे आणि आता तोंडावरही म्हणायला लागले होते. त्यांना ते आवडायचं. प्रलयसाहेबांनी जन्मात एकाच प्रकारचा सिनेमा काढला: आकाशातून काहीतरी येतं आणि पृथ्वीवर पडतं. एकदा दगड पडला, एकदा धूमकेतू, एकदा बर्फाचा गोळा, एकदा बिघडलेला उपग्रह. एकदा चंद्राचा टवका उडून आला होता. आणि एकदा तर चक्क सूर्याचा तुकडा. तो तुकडा पडेपर्यंत विझत कसा नाही, असं धाकटीने विचारलं, तर साहेब म्हणाले, “प्रेक्षक विचारत नाही बाई, मग तुम्ही कशाला विचारता?”

गोष्ट ठरलेली. एक चष्मेवाला शास्त्रज्ञ असतो, त्याचं कुणी ऐकत नाही. त्याच्या बायकोनेही ऐकलेलं नसतं, म्हणून ती आधीच माहेरी. एक राष्ट्रप्रमुख असतो, तो खिडकीकडे तोंड आणि आपल्याकडे पाठ करून उभा. एक रॉकेट जातं आणि त्याचा नेम चुकतो. एक कुत्रा असतो, तो वाचतो. चार कोटी माणसं मेली तरी प्रेक्षक चिवडा फस्त करत बसतो, पण कुत्रा मेला तर पोस्टर फाडतो. आणि एवढं अफाट अवकाश रिकामं पडलेलं असताना दगड नेमका येणार गजबजलेल्या चौकात. जणू पत्ता विचारत विचारत आलाय.

तर हा पत्ता कोण द्यायचं? धाकटी द्यायची.

कारखान्याचा एक रिवाज होता. शहरात शंभर घरं असली तरी दगड ज्याच्यावर पहिल्यांदा आदळतो ते एकच, त्याला ‘पहिलं घर’ म्हणायचे. सगळ्यात जवळचा कॅमेरा त्याच्यावर. आणि पहिलं घर कधीच मनाने बनवायचं नाही. ते खऱ्याखुऱ्या घराची हुबेहूब नक्कल हवं, आणि ते घर अशा माणसाचं हवं की ज्याच्या नावाने कारखान्यातल्या कुणीतरी मनापासून तळतळाट केलाय. घर कुणाचं, हे ठरवायचा मान मुख्य कारागिराचा. धाकटीच्या आधी जे मुख्य होते त्यांनी आपल्या शाळेच्या हेडमास्तरांचा बंगला सात वेळा फोडला आणि समाधानाने निवृत्त झाले. फक्त एक पथ्य होतं: आत माणूस ठेवायचा नाही, बाहुलीसुद्धा नाही. राग घरावर काढायचा, जिवावर नाही.

धाकटी मुख्य झाली तेव्हापासून भडका तिच्या मागे लागला होता. भडका म्हणजे सुरुंग लावणारा कारागीर. एक भुवई कायमची गेलेली, दुसरी चिंतेत. त्याला त्याच्या दातांच्या डॉक्टराचा दवाखाना फोडायचा होता, कारण त्या गृहस्थाने दुखरा दात ठेवून शेजारचा चांगला उपटला होता. “बाई, या वेळी तरी?” तो विचारायचा. “लागेल तुझा नंबर,” धाकटी म्हणायची. नऊ सिनेमे झाले, नंबर काही लागला नाही. नऊही वेळा पहिलं घर थोरलीचं होतं.

आता थोरलीशी काय बिनसलं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं नुसता खुनशीपणा वाटेल. तसा तो होताच, पण त्याला कारण होतं.

अकरा वर्षांपूर्वी त्यांचे वडील इस्पितळात होते. डॉक्टर म्हणाले होते, दोन-चार दिवस तरी काळजी नाही. धाकटीचा त्या सकाळी टेक होता. तिने हिशेब केला, साडेदहाला जग बुडवते, बाराला इस्पितळात पोचते. पण दिवे दोनदा गेले, टेक एक वाजता झाला, आणि वडील पाऊण वाजता गेले. धाकटी पोचली दोनला, कामाच्या कपड्यांत, केसांत आणि भुवयांत पांढरी धूळ. इस्पितळाच्या त्या लांब बाकांवर सगळे नातेवाईक बसलेले. थोरलीने तिला खालून वर पाहिलं आणि म्हणाली, “आलीस? झालं जग बुडवून?”

आणि मावशीचे जावई फिसकन हसले.

झालं. एवढंच. चार शब्द आणि एक हसू. पण धाकटीच्या ते असं जिव्हारी लागलं की ती वडिलांना बघून आली, भिंतीला टेकून उभी राहिली, आणि थोरलीशी बोलली नाही ती आजतागायत. तिला बाकी काही नको होतं. थोरलीने ते चार शब्द मागे घ्यावेत, बस्स. एवढ्यासाठी अकरा वर्षं ती वाट बघत होती. पण आपण होऊन जाऊन म्हणायचं? छे! मोडेन पण वाकणार नाही, हा वडिलांचा एकच गुण दोघींनी समसमान वाटून घेतला होता.

पुढच्याच वर्षी थोरलीने घर बदलल्याचं मावशीकडून कळलं. मावशी म्हणजे घराण्याचं वर्तमानपत्र. छापून आल्याशिवाय काही घडलं असं कुणी मानायचंच नाही. पत्ताही मावशीनेच दिला, न विचारता. आणि त्याच महिन्यात प्रलयसाहेबांचा धूमकेतू आला.

तेव्हापासून दर सिनेमाचं काम सुरू व्हायच्या आधी एके दिवशी धाकटी थोरलीच्या घरासमोरच्या बसथांब्यावर जाऊन बसायची. डोळ्यांवर मोठा काळा चष्मा, डोक्याला रुमाल, मांडीवर वही. दारं किती, खिडक्या किती, पन्हळ कुठे वाकलीय, सगळं टिपून घ्यायची. राग असला म्हणून काय झालं, काम चोख हवं. चुकीच्या मापाचं घर फोडण्यात कसली आलीय मजा? तिसऱ्या सिनेमाच्या वेळी गच्चीला जाळी आली होती. पाचव्याला भिंती पिवळ्या झाल्या होत्या. सहाव्याला पायऱ्यांवर दोन्हीकडे कुंड्या, आणि त्या कुंड्यांनी धाकटीचा जीव खाल्ला, कारण फुलं तांदळाच्या दाण्याएवढी आणि एकेका झाडाला चाळीस. “मेलीने लावलीत तरी किती!” असं पुटपुटत तिने तीन दिवस बसून ती सगळी केली. मग फोडली. बरं वाटलं. म्हणजे दुपारपर्यंत बरं वाटलं.

दहावा सिनेमा आला. या वेळी लोखंडी अशनी, पहिल्या सगळ्यांपेक्षा मोठा. “या वेळी जग असं बुडवायचं,” प्रलयसाहेब म्हणाले, “की पुन्हा काढायची सोय राहता कामा नये.” हे ते दर वेळी म्हणायचे. धाकटी वही घेऊन बसथांब्यावर गेली.

पायऱ्यांना कठडा लागला होता. लोखंडी, नवा, तीन पायऱ्यांना एकच. धाकटीने तो वहीत काढायला घेतला आणि दार उघडलं. थोरली बाहेर आली. एका हातात काठी, दुसरा हात कठड्यावर. एक पाऊल खाली टाकलं, थांबली. दुसरं त्याच पायरीवर आणलं, थांबली. दोन बसगाड्या येऊन गेल्या तरी बाई तिसऱ्या पायरीवर. हीच थोरली एके काळी दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या घेऊन तीन मजले एका दमात चढायची आणि वर पोचून धाकटीला ओरडायची की तू अजून खालीच? धाकटीने वही मिटली आणि समोर आली त्या बसमध्ये चढली. ती बस भलतीकडेच जाणारी होती.

घर तिने तरीही बनवलं. पितळेची तार वाकवून, जोडांना डाग देऊन तो कठडा केला, काडीएवढा. पण फुटायच्या घराच्या भिंतींना मागून सुरीने चरे पाडावे लागतात, तरच ते चांगलं फुटतं, नाहीतर नुसतं कलंडतं. ते चरे काही तिला पाडवेनात. सुरी घेतली, ठेवली. घेतली, ठेवली. शेवटी तिने भडकाला हाक मारली.

“तुझ्या त्या दातवाल्याच्या दवाखान्याची मापं आहेत का रे?”

भडकाची ती एकुलती एक भुवई थरथरली. “बाई,” तो म्हणाला, “नऊ वर्षं खिशात घेऊन फिरतोय.”

त्याने दवाखाना असा सजवला की काही विचारू नका. आत खुर्ची, खुर्चीवर दिवा, गुळण्या करायचं भांडं, भिंतीवर हसऱ्या दातांचं चित्र. टेकच्या दिवशी अशनी आदळला, भिंत फुटली, आणि दातवाल्याची खुर्ची हवेत उडून तीन गिरक्या घेऊन चौकातल्या कारंज्यात पडली. प्रलयसाहेबांनी खुर्चीवर उभं राहून टाळ्या वाजवल्या. भडका एका कोपऱ्यात तोंड फिरवून उभा होता. तो आनंदाने रडत होता की जुना दात आठवून, कोण जाणे.

धाकटी मात्र बसून राहिली. थोरलीचं घर तिने वरच्या फळीवर कापड टाकून ठेवलं होतं. राग गेला की माणसाला हलकं वाटतं म्हणतात. तिला काही हलकं वाटेना. उलट, आजवर थोरलीशी निदान भांडण तरी होतं. आता तेही नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदाच तिला एकटं वाटलं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

सिनेमा शुक्रवारी लागला. सोमवारी सकाळी अकराला गोदामाचं दार धाडकन उघडलं. दारात थोरली. हातात काठी, मागे भावजी, धापा टाकत, हातात पिशवी. थोरलीने गोदामभर नजर फिरवली, टेबलामागे उभ्या असलेल्या धाकटीवर आणून थांबवली, आणि डोळे मिटून एक मोठा श्वास सोडला.

“जिवंत आहेस!” ती म्हणाली.

“आहे,” धाकटी म्हणाली. अकरा वर्षांनंतर बोललेला पहिला शब्द. तिने तो किती वेगवेगळ्या प्रकारे मनात घोळवला होता! त्यात ‘आहे’ कुठेच नव्हता.

“मग आमचं घर कुठंय?”

“कुठलं घर?”

“कुठलं म्हणजे? आमचं! दर वेळी फुटतं ते!”

धाकटीने भावजींकडे पाहिलं. भावजी ओशाळून हसले. ते आयुष्यभर नाकासमोर चाललेले गृहस्थ, म्हणूनच की काय, त्यांना पडद्यावर जग बुडालेलं भारी आवडायचं. “तो पहिला धूमकेतू आला ना,” ते म्हणाले, “तो आम्ही सहज बघायला गेलो होतो. तर समोर आमचंच घर! वाकलेल्या पन्हळीसकट! मी उठून उभाच राहिलो, ओरडलो, अगं आपलं घर! मागच्याने माझ्या डोक्यात लाह्या फेकल्या.”

“तेव्हापासून एक सिनेमा चुकवलेला नाही,” थोरली म्हणाली. “पहिल्या दिवशी पहिला खेळ. दगड यायला लागला की मी यांचा हात धरते. म्हणते, आलं आपलं. आणि शुक्रवारी आलं काय? दातांचा दवाखाना!”

“दवाखाना चांगला झालाय,” मागून भडका म्हणाला.

“तू गप रे!” दोघी एकदम म्हणाल्या.

“तीन दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही,” थोरली म्हणाली. “मला वाटलं, तू गेलीस.”

“कुठे?”

“कुठे काय कुठे? वर! दुसरं कुणीतरी बसवलं असेल तुझ्या जागी, म्हणून घर नाही. मावशीला फोन केला, तर ती म्हणे मला काही कळलं नाही. मावशीला कळलं नाही म्हणजे केवढी भानगड असेल! मग यांना म्हटलं, चला, जाऊन बघू, जे असेल ते.” तिचा आवाज फाटला, तिने तो काठी आपटून दुरुस्त केला. “फुटत होतं तोवर कळत तरी होतं गं. बया हयात आहे, आणि अजून माझ्यावर चिडलेली आहे. मला बरं वाटायचं.”

धाकटीने स्टूल ओढलं, वरच्या फळीवरून घर खाली काढलं, टेबलावर ठेवलं आणि कापड बाजूला केलं. थोरली वाकली. पिवळी भिंत, गच्चीची जाळी, कुंड्या. मग तिचं बोट त्या पितळी तारेवर जाऊन थांबलं.

“कठडा केलास,” ती म्हणाली.

“हो.”

“हे तयार होतं. तरी फोडलं नाहीस.” तिने हळूहळू मान वर केली आणि धाकटी ती नजर लहानपणापासून ओळखून होती, पळायची वेळ झाली असा तिचा अर्थ. “काठी बघितलीस ना माझी? बसथांब्यावरून? म्हणून सोडलंस? कीव केलीस माझी!”

“ताई, तसं नाही—”

“तसंच! लंगडी झाले म्हणून दगडसुद्धा टाकवेना होय? मी काय मरायला टेकलेय? गुडघा आहे, बदलतील! फोड ते घर. आत्ता फोड. मोठी आहे मी तुझ्यापेक्षा, सांगतेय ना!”

“वायर जोडू का?” भडकाने विचारलं.

“नाही फोडणार!” धाकटी ओरडली. गोदामातले सगळे ब्रश थांबले. “आणि तू मला बसथांब्यावर बघितलंस?”

“बघितलंस काय, दर वेळी बघते. एवढा मोठा काळा चष्मा घालून कुणी बसची वाट बघतं का? आंधळी वाटतेस. तू आलीस की यांना सांगते, आली बघा, आता पाच-सहा महिन्यांत लागेल सिनेमा. भिंत पिवळी कुणासाठी केली? पांढरी होती ती पडद्यावर मळकी दिसायची. कुंड्या कुणासाठी लावल्या? मला मेलीला कसली आलीय झाडांची हौस!”

चाळीस चाळीस फुलं! धाकटी मटकन स्टुलावर बसली. “मग हाक का नाही मारलीस?”

“तू का नाही आलीस? रस्ता तर ओलांडायचा होता.”

“तू ते मागे घेतलं नाहीस म्हणून!”

“काय ते?”

“इस्पितळातलं.”

थोरलीच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. ती आठवत होती, हे दिसत होतं, आणि तिला आठवत नाही, हेही दिसत होतं. धाकटीने अकरा वर्षं उराशी बाळगलेला धोंडा, आणि ज्याने मारला त्याला पत्ताच नाही! तिने ते चार शब्द सांगितले, जसेच्या तसे, थोरलीच्याच आवाजात. मावशीच्या जावयांच्या हसण्यासकट.

थोरलीच्या ओठाचा कोपरा हलला. “असं म्हणाले मी? म्हणजे… वाक्य तसं चांगलं होतं.”

“ताई!”

“बरं बरं.” ती बाजूच्या खोक्यावर बसली, काठी गुडघ्यांत धरून. “सकाळी सातपासून मी एकटी होते गं तिथे. हे गावाला गेले होते. बाबा सारखे विचारत होते, धाकटी आली का? मी म्हणायची, निघालीय. दर पंधरा मिनिटांनी तेच. निघालीय, येतेय, आलीच. दाराकडे बघून बघून मान आखडली माझी. मला भीती वाटत होती. मोठी झाले म्हणून काय, मला नाही का वाटत भीती? आणि मग तू आलीस, पिठात बुडवून काढल्यासारखी.” तिने नाक ओढलं. “घेतलं. ते घेतलं मागे. पण तू यायला हवं होतंस, हे नाही घेणार.”

“नको घेऊस,” धाकटी म्हणाली. तिला रडू आलं, आणि ते तिने लपवलं नाही; तोंडावरच्या धुळीत त्याचे दोन ओघळ झाले. “यायलाच हवं होतं. रोज वाटतं.”

भावजींनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. भडका एका तारेची गाठ सोडवू लागला, जिला मुळात गाठच नव्हती.

“आता एक सांग,” थोरलीने डोळे पुसून पुन्हा मूळचा आवाज लावला. “घर फुटतं तेव्हा आत काही कसं नसतं? नऊ वेळा बघतेय. भिंत पडते आणि आत नुसता काळोख. त्या दातवाल्याची मेली खुर्चीसुद्धा दिसली! आमच्याकडे भांडीकुंडी नाहीत की काय? लोकांना काय वाटत असेल, यांच्याकडे बसायला पाटसुद्धा नाही?”

धाकटीला हसू फुटलं, पण ते मध्येच कुठेतरी अडकलं. “रस्त्यावरून जेवढं दिसतं तेवढंच केलं ताई,” ती म्हणाली. “आत कुठे आले मी कधी?”

थोरली काठी टेकून उठली.

“टेप कुठंय तुझी?”

“कशाला?”

“कशाला काय, घे ती. वही पण घे. स्वयंपाकघरापासून सुरुवात कर. ओटा एका बाजूला उतरता आहे, तो सरळ करू नकोस. पलंगाखाली सगळा पसारा आहे, तो नाही दाखवलास तरी चालेल.” बोलत बोलत ती दारापर्यंत पोचलीसुद्धा. तिथे एकदम थांबली आणि मागे न बघता म्हणाली, “बाबांचा फोटो बाहेरच्या खोलीत आहे, खिडकीजवळ. तो फुटता कामा नये. बाकी काय वाटेल ते फोड.”

“बरं,” धाकटी म्हणाली, आणि टेप घेऊन तिच्या मागोमाग निघाली.